नागपूरहून रियाधच्या खनिज परिषदेला जाताना: लहान कारखानदारासाठी तयारी

रियाधला दर जानेवारीत 'फ्यूचर मिनरल्स फोरम' ही खनिज परिषद भरते. पहिली २०२२ साली झाली. २०२५ मध्ये ती १४ ते १६ जानेवारीला होती, २०२६ मध्ये १३ ते १५ ला. म्हणजे संक्रांत बहुधा तिकडंच. वेस्टर्न कोलफील्ड्स, मॉइल आणि इंडियन ब्युरो ऑफ माइन्स या तिन्हींची मुख्यालयं नागपुरात, त्यामुळं हिंगणा आणि बुटीबोरीतल्या बऱ्याच वर्कशॉपना खाणीचा माल तोंडपाठ आहे: क्रशरच्या जॉ प्लेट, कन्व्हेयरचे रोलर, शूटचे लायनर. अशा कारखान्याचा मालक किंवा मार्केटिंग बघणारा माणूस डोळ्यांपुढं ठेवून हे लिहिलं आहे. माल दुसरा असला तरी व्हिसा, नमुने आणि भेटींचं गणित फारसं बदलत नाही.

काकांचा सल्ला किती जुना आहे ते आधी विचारा

सौदीला राहून आलेला कुणीतरी प्रत्येकाच्या नात्यात असतो आणि तो भरभरून सल्ला देतो. अडचण एवढीच की तो ज्या सौदीत राहिला तो देश आता जागेवर नाही. 'व्हिजन २०३०' हा आराखडा एप्रिल २०१६ मध्ये जाहीर झाला आणि त्यानंतर नियम भराभर बदलले. बायकांना गाडी चालवायची परवानगी जून २०१८ मध्ये मिळाली. पर्यटक व्हिसा सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झाला. नमाजाच्या वेळी दुकानं बंद ठेवण्याची सक्ती २०२१ पासून सैल झाली. रियाधची मेट्रो १ डिसेंबर २०२४ ला धावायला लागली. साप्ताहिक सुट्टीसुद्धा २०१३ पर्यंत गुरुवार-शुक्रवार होती, आता शुक्रवार-शनिवार आहे.

म्हणून प्रत्येक माहितीपुढं तारीख लिहायची सवय लावा. एका वहीत तीन रकाने: काय कळलं, कुठून कळलं, कधीची माहिती. व्हिसा, औषधं आणि कस्टम याबाबत सहा महिन्यांपेक्षा जुनं काहीही पुन्हा तपासल्याशिवाय वापरायचं नाही. व्हिसाचे नियम तर अर्ज भरायच्या दिवशी पुन्हा एकदा बघायचे.

हाच चष्मा मोठ्या आकड्यांनाही लावा. सौदी सरकारनं आपल्या खनिज संपत्तीचा अंदाज जानेवारी २०२४ मध्ये १.३ लाख कोटी डॉलरवरून २.५ लाख कोटी डॉलरवर नेला. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण ती जमिनीखालची किंमत आहे, ऑर्डर नव्हे. निओम या महाप्रकल्पातल्या 'द लाइन' या नियोजित शहराचा आवाका कमी केल्याच्या बातम्याही २०२४ पासून येतात. समोरचा माणूस प्रकल्पाचं नाव घेईल तेव्हा एकच विचारा: टेंडर निघालं आहे का, आणि कंत्राटदार कोण? उत्तर गुळमुळीत आलं तर त्या प्रकल्पासाठी नवं मशीन घ्यायचं नाही.

कुणाला भेटायचं हे घरूनच ठरवून जा

परिषदेत मंत्र्यांची भाषणं असतात, मोठ्या पडद्यावर नकाशे असतात. ते सगळं नंतर यूट्यूबवरही बघता येतं. विमानाचा खर्च वसूल होतो तो आधी ठरवलेल्या आठ-दहा भेटींतून.

सौदीत प्रादेशिक मुख्यालय नसलेल्या परदेशी कंपन्यांना सरकारी कंत्राटं देण्यावर १ जानेवारी २०२४ पासून निर्बंध आहेत. दहा लाख रियालपर्यंतच्या कामांना सूट आहे, आणखीही अपवाद आहेत. हिंगण्याच्या कारखान्यानं यातून घ्यायचा अर्थ सरळ आहे: मंत्रालयाच्या स्टॉलपुढं रांग लावू नका. यादीत तीन प्रकारची माणसं असू द्या. खाणी चालवणाऱ्या कंपन्यांचे खरेदी किंवा मेंटेनन्सवाले (सगळ्यांत मोठी कंपनी मादेन), त्यांची कामं घेणारे कंत्राटदार, आणि रियाध-दम्मामचे औद्योगिक वितरक. लहान उत्पादकाच्या पदरात पहिली ऑर्डर बहुतेक वेळा वितरकाकडूनच पडते. तरीही बरेच जण त्यालाच यादीत शेवटी ठेवतात.

भेटीचा निरोप सहा आठवडे आधी पाठवा, इंग्रजीत, चार ओळींत. पहिल्या ओळीत काय बनवता आणि कुठल्या खाणीत ते चालतं. दुसरीत एक मोजता येणारी गोष्ट, उदाहरणार्थ लायनरची हार्डनेस आणि मॅंगनीजच्या खाणीत तो किती टन माल जाईपर्यंत टिकला. तिसरीत दोन वेळा सुचवा. चौथीत नाव, हुद्दा, व्हॉट्सअ‍ॅप नंबर. कंपनीचा इतिहास, स्थापनेचं साल, आयएसओचा फोटो यातलं काही नको. पहिल्या निरोपाला उत्तर आलं नाही म्हणून हिरमुसायचं कारण नाही. दहा दिवसांनी दुसरा पाठवा, आणि परिषदेच्या आठवडाभर आधी तिसरा. बऱ्याचशा भेटी या तिसऱ्या निरोपावर ठरतात, कारण तोवर समोरच्याला आपलंच वेळापत्रक ठाऊक नसतं.

सरकारी मदत हवी असेल तर त्याची सुरुवात याहून आधी. एमएसएमई मंत्रालयाची इंटरनॅशनल कोऑपरेशन योजना बाहेरच्या प्रदर्शनांसाठी आहे, पण अर्ज संघटनेमार्फत आणि जाण्याआधी लागतो. परत आल्यावर बिलांचा गठ्ठा दाखवून काही मिळत नाही. विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन, हिंगण्याची एमआयए, बुटीबोरीची बीएमए, यांपैकी जिथं सभासद असाल तिथं ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच विचारून ठेवा.

नाव, पासपोर्ट, व्हिसा

सगळ्यांत जास्त गाडी अडते ती नावावर. आपल्याकडं पासपोर्टात 'दिलेलं नाव' या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं अशी दोन्ही नावं असतात, आडनाव वेगळं. परिषदेची नोंदणी करताना माणूस सवयीनं नाव-आडनाव एवढंच भरतो. मग निमंत्रणपत्रावर एक नाव, व्हिसाच्या अर्जावर दुसरं आणि विमानाच्या तिकिटावर तिसरं. पासपोर्ट समोर उघडा ठेवून, अक्षर न् अक्षर जुळवून प्रत्येक फॉर्म भरा. लग्नानंतर नाव बदललेल्या भगिनींनी तर हे दोनदा तपासावं. चूक सापडली तर निमंत्रणपत्र नव्यानं मागवा. पेननं केलेली दुरुस्ती चालत नाही.

पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेनंतर किमान सहा महिने हवी, दोन कोरी पानं हवीत. व्हिसा कुठल्या प्रकारचा, हे आयोजकांच्या निमंत्रणावर अवलंबून असतं. काही परिषदांना आयोजकच व्हिसाची लिंक पाठवतात, काहींना बिझनेस व्हिजिट व्हिसा स्वतः काढावा लागतो. अमेरिका, ब्रिटन किंवा शेंगेनचा वापरलेला चालू व्हिसा असेल तर ई-व्हिसाची वाट सोपी होऊ शकते. बोटांचे ठसे द्यायला केंद्रात जावं लागलं तर मुंबईचा एक फेरा वेळेत आणि खर्चात धरून चला. आयोजकांनी "होऊन जाईल" म्हटलं तरी व्हिसा हातात पडेपर्यंत हॉटेल रद्द करता येण्याजोगंच घ्या.

पासपोर्टवर ईसीआर (इमिग्रेशनची परवानगी आवश्यक) शिक्का असलेल्यांसाठी वेगळी सूचना. सौदी हा ईसीआर देशांत मोडतो. ती परवानगी नोकरीसाठी जाणाऱ्यांना लागते, धंद्याच्या भेटीला नाही. तरी इमिग्रेशनवर प्रश्न होऊ शकतात. परतीचं तिकीट, निमंत्रणपत्र, हॉटेलचं बुकिंग आणि जीएसटी नोंदणीची प्रत छापून हातात ठेवा, मोबाइलमध्ये नव्हे.

विमान

नागपूरहून थेट आंतरराष्ट्रीय विमानं मोजकीच, दोहा आणि शारजाची. दोहामार्गे एकाच तिकिटावर रियाध घेतलं तर बॅग नागपुरात टाकायची आणि रियाधला उचलायची. मुंबईमार्गे जाणार असाल तर दोन वेगळी तिकिटं काढण्याचा मोह आवरा. देशांतर्गत विमान टर्मिनल १ ला उतरू शकतं, परदेशी विमान टर्मिनल २ वरून. बॅग घेऊन, बाहेर पडून, पुन्हा आत जावं लागतं. आता त्यात नवी मुंबईची भर आहे, तेव्हा तिकिटावरचा विमानतळाचा कोड बीओएम आहे की एनएमआय हे डोळ्यांत तेल घालून बघा. दोन वेगळ्या तिकिटांत पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी जबाबदार नसते. धुक्याच्या दिवसांत हा धोका घेऊ नये.

आखातातलं आकाश अचानक बंद होऊ शकतं. २३ जून २०२५ ला कतारनं आपली हवाई हद्द बंद केली तेव्हा दोहामार्गे जाणारे बरेच जण वाटेत अडकले. एकच तिकीट असेल तर दुसऱ्या वाटेनं पोचवणं कंपनीवर येतं. परिषदेच्या एक पूर्ण दिवस आधी पोचा. बॅजही त्याच दिवशी घेऊन टाका.

बॅगेत काय नको

हा भाग घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा, कारण बॅग भरणारे हात बहुधा दुसरेच असतात.

खसखस सौदीत आणि आखाताच्या बऱ्याच देशांत अमली पदार्थात धरतात. खसखशीची पुडी कोणी नेत नाही, ती लपून जाते. सावजी मसाल्यात ती असते. थंडीचे म्हणून आईनं बांधून दिलेल्या डिंकाच्या लाडवात असते, अनारशाला लावलेली असते. दोहा किंवा शारजामार्गे जाताना वाटेतल्या देशाचाही नियम लागतो. तेव्हा घरगुती मसाला, डिंकाचे लाडू, अनारसे सगळं घरी. तिळगूळ चालतो, पण त्यातही खसखस घातली नाही ना, एवढं विचारून घ्या. भेट म्हणून संत्रा बर्फीचा पॅकबंद डबा उत्तम. त्यावर घटक छापलेले असतात.

खर्रा घरीच. नेऊ नका आणि तिथं शोधूही नका. सार्वजनिक ठिकाणी थुंकण्याला २०१९ च्या शिष्टाचार नियमांत दंड आहे. दारू अर्थातच नाही, विमानतळावरच्या ड्युटी फ्रीमधलीही नाही.

औषधं मूळ पट्टीतच न्या, डब्यात सुटी नको. सोबत डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी, त्यावर ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडोल, अल्प्राझोलाम यांना तिथल्या औषध प्राधिकरणाची आगाऊ परवानगी लागते. पाठदुखीवर ट्रॅमाडोल सर्रास दिलं जातं, म्हणून पट्टीमागचं बारीक अक्षर वाचा.

नमुना आणि कार्ड

लोखंडी माल विकणाऱ्याला नमुना न्यावासा वाटतोच. हिशेब करा: १५० × १०० × २० मिमीची पोलादी प्लेट २.३६ किलोची भरते. तीन ग्रेडच्या तीन नेल्या तर सात किलो गेले, आणि त्या बॅगेतून काढून टेबलावर ठेवताना तुमचाच हात दुखतो. ५० × ५० × १० मिमीचा तुकडा १९६ ग्रॅमचा होतो. तो वायरकटवर कापून घ्या, म्हणजे कडा तापून हार्डनेस बदलत नाही. गॅसनं कापलेल्या कडेवर तिथला इंजिनियर पोर्टेबल टेस्टर लावेल तर आकडा चुकीचा येईल आणि तुम्ही खोटे ठराल. एक बाजू पॉलिश, एक जशीच्या तशी. कडेला हीट नंबर (भट्टीतल्या घाण्याचा क्रमांक) आणि हार्डनेस पंच करा. सोबत त्याच हीटचं टेस्ट सर्टिफिकेट ठेवा. नमुने चेक-इन बॅगेत जातील. केबिन बॅगेत पोलादाचा तुकडा सुरक्षा तपासणीत अडतो. "विक्रीसाठी नाही, नमुना" असं लिहिलेलं प्रोफॉर्मा इन्व्हॉइस त्याच बॅगेत वर ठेवा.

कार्ड दोन्ही बाजूंनी छापा: इंग्रजी आणि अरबी. सीताबर्डीत कुणीही छापून देईल, पण अरबी मजकूर जुन्या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये चिकटवला की जोडलेली अक्षरं सुटी होतात आणि ओळ उलटी फिरते. वाचता न येणाऱ्याला ते सुबकच दिसतं. म्हणून अनुवादकाकडून मजकूर न मागता तयार पीडीएफ मागा, अक्षरांचं चित्रात रूपांतर केलेली, आणि छापायच्या आधी अरबी वाचणाऱ्या माणसाला प्रूफ दाखवा. नागपुरात अरबी शिकवणारे मौलवी सहज भेटतात. १५० कार्डं पुरतात.

पैसे आणि फोन

रियाल डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला ३.७५. रुपयात किती पडतो, ते त्या दिवशीच्या दरानं काढा. कार्ड जवळपास सगळीकडं चालतं. रियालमधलं फॉरेक्स कार्ड घ्या, सोबत पाचशे-सहाशे रियाल रोख. डेबिट-क्रेडिट कार्डावरचा परदेशी वापर बँकेच्या अ‍ॅपमधून निघण्याआधी सुरू करा, आणि भारतीय सिमचं रोमिंगही. बँकेचा ओटीपी त्याच सिमवर येतो. तिकडं पोचल्यावर रोमिंग सुरू करायला गेलात तर त्यालाही ओटीपीच लागतो. हॉटेलच्या दरावर १५ टक्के व्हॅट धरलाय का ते बुकिंग करतानाच बघा.

डेटासाठी विमानतळावर स्थानिक सिम मिळतं, पासपोर्ट आणि बोटांचा ठसा देऊन. व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप जातो. कॉल लागेलच असं धरून महत्त्वाची चर्चा ठेवू नका. प्लग तीन चौकोनी पायांचा, ब्रिटिश पद्धतीचा. आपला तिथं बसत नाही.

रियाधमध्ये

विमानतळावरून मेट्रोची पिवळी लाइन केएएफडी या आर्थिक केंद्रापर्यंत जाते, तिथं निळ्या लाइनला बदललं की ओलाया आणि पुढं बथा. दोन तासांचं तिकीट ४ रियाल. रात्री उशिरा उतरलात तर मेट्रो बंद असते, उबर किंवा करीम करा. ओलायात हॉटेलं बरी आणि महाग. बथा जुना भाग, स्वस्त, आणि भारतीय खानावळी तिथंच. शाकाहारी मंडळींची सोय होते. परिषदेच्या आठवड्यात खोल्यांचे दर चढतात, म्हणून दोन-अडीच महिने आधी बुकिंग करा.

जानेवारीत रियाधची रात्र नागपूरसारखीच बोचरी असते. कोट हवाच, स्वेटरही असू द्या. महिलांना अबाया आता सक्तीचा नाही; अंगभर, सैल कपडे पुरेत. एकट्या महिलेला हॉटेलात खोली मिळते.

परिषदेच्या जागी पहिल्या दिवशी दीड तास आधी पोचा. मंत्री येणार असले की रस्ते वळवतात, गाडी लांब सोडते आणि दार दुसरंच निघतं. बॅजसोबत मूळ पासपोर्ट लागू शकतो, झेरॉक्सवर भागत नाही.

दिवसाला चार भेटी, पाचवी नको. जानेवारीत दुपारची नमाज बाराच्या सुमाराला, पुढची तीनच्या आसपास, संध्याकाळची साडेपाचच्या आत-बाहेर. या वेळांवर भेट ठेवली तर समोरचा उठून जाईल आणि परत येईपर्यंत तुमची पुढची भेट हुकेल. साडेनऊ, अकरा, एक आणि पावणेचार या वेळा सोयीच्या पडतात.

भेटीत आधी कॉफी येते. फिकट, वेलचीच्या वासाची, कान नसलेल्या छोट्या कपात, तीही तळाशी घोटभर. कप उजव्या हातानं घ्या, सोबत खजूर. रिकामा कप तसाच पुढं केला की वाढणारा पुन्हा भरतो. पुरे झालं असेल तर कप डावीकडं-उजवीकडं किंचित हलवून परत द्यायचा. पहिला कप नाकारू नका. बाईनं हात पुढं केला तरच तिच्याशी हात मिळवा. माणसाला त्याच्या पहिल्या नावानं, आधी 'इंजिनियर' किंवा 'डॉक्टर' लावून बोलवा. आडनावानं हाक मारली तर परकं वाटतं.

दर विचारला जाईलच. दोन आकडे तयार ठेवा: न्हावा शेवाला जहाजावर चढवून दिलेला आणि दम्माम बंदरात पोचता केलेला. दम्मामहून रियाधच्या ड्राय पोर्टपर्यंत रेल्वे आहे, म्हणून रियाधचा गिऱ्हाईक बहुधा दम्मामच सांगतो. नागपूरच्या कंटेनर डेपोपासूनचं भाडं आधीच काढून आणा. दराची मुदत ३० दिवस, हे कागदावर लिहा. पोलाद आणि जहाजभाडं दोन्ही हलतं.

सबर या त्यांच्या प्रमाणपत्राच्या पोर्टलबद्दल वितरकाला तिथंच विचारा. नोंद सौदी आयातदार करतो, कागद तुमचे लागतात, आणि मालासोबत खेपेचंही प्रमाणपत्र निघावं लागतं. ते नसेल तर कंटेनर बंदरात पडून राहतो आणि भाडं चढत जातं. खर्च कोणाचा, हे दर देतानाच ठरवा.

एखादा वितरक उत्साहात 'संपूर्ण सौदीसाठी मीच एकटा' असा करार पुढं करेल. परिषदेच्या गर्दीत सही नको. नोंदलेली एजन्सी मोडायला जड जाते. वर्षभराची मुदत, ठरावीक माल आणि किमान खरेदीचा आकडा एवढं मान्य असेल तर मसुदा नागपूरला मागवून वकिलाला दाखवा.

रात्री आणि परतल्यावर

रोज रात्री जेवणाआधी कार्डांच्या मागं तीन गोष्टी लिहा: काय मागितलं, किती, आणि तुम्ही काय पाठवतो म्हणालात. तिसऱ्या दिवशी चेहरे एकमेकांत मिसळतात, म्हणून हे हॉटेलात पोचल्यावर लगेच.

परिषद गुरुवारी संपली तर शुक्रवार-शनिवार त्यांची सुट्टी. शुक्रवारी पाठवलेलं कोटेशन रविवारच्या ढिगाऱ्यात तळाला जातं. ते रविवारी सकाळी पाठवा: त्यांचे नऊ म्हणजे आपले साडेअकरा. रविवार आपला सुट्टीचा, पण कारखान्यात त्या दिवशी कोटेशन काढणारा एक माणूस बसवाच. दोन्हीकडं कामाचे असे दिवस फक्त सोमवार ते गुरुवार.

पहिल्या ऑर्डरला पूर्ण उधारी देऊ नका. काही आगाऊ, उरलेलं लेटर ऑफ क्रेडिटवर (बँकेच्या हमीवर), आणि ईसीजीसी या सरकारी निर्यात विमा कंपनीचं संरक्षण माल निघायच्या आधी. फेब्रुवारी-मार्चमध्ये रमजान येत असेल तर कार्यालयं कमी तास चालतात आणि ईदच्या सुट्टीत कागद हलत नाहीत. चाचणीचे नमुने मागितले असतील तर ते रमजानच्या दोन आठवडे आधी तिथं पोचतील असं बघा.